पदयात्रेचा मार्ग आणि भाविकांची सुरक्षितता

चैत्रोत्सवासाठी श्रीक्षेत्र सप्तशृंगी गडाकडे पायी जाणाऱ्यांत खान्देशातील भाविकांची संख्या मोठी असते. जळगावकडील मंडळी एरंडोल, पारोळामार्गे धुळ्यास येतात. पुढे मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी असा मार्ग धरला जातो. चैत्रातील खान्देशचे ऊन सर्वश्रुत असल्याने बरेचसे चालणे रात्री व पहाटे होते. त्याच वेळी महामार्गावर अवजड वाहने वेगात असतात.

ताशी 80 किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे 22 मीटर अंतर कापते. चालकाच्या ध्यानात येऊन ब्रेक लागेपर्यंत रस्ते अभियंते अडीच सेकंद धरतात. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच वाहन 55 मीटर पुढे आलेले असते. गडद वस्त्रातील पदयात्री अंधारात तितक्या अंतरावरून दिसेलच असे नाही. यास्तव वाहने समोरून दिसतील अशा रीतीने रस्त्याच्या उजव्या कडेने, एका रांगेत चालावे. रांगेच्या पुढे व मागे विजेरी असावी.

महामार्गाच्या सुमारे 500 मीटर टप्प्यात 3 वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा एकूण 10 मृत्यू झाल्यास ती जागा अपघातप्रवण ठरते, असा केंद्रीय मंत्रालयाचा निकष आहे. वर्षभराच्या वाहतुकीस तो ठीक. परंतु यात्रेची गर्दी मोजक्या दिवसांची. तिच्यासाठी जीव जाण्याची वाट पाहणे योग्य नव्हे. दिंडीप्रमुखांनी यात्रेपूर्वी एकदा रात्रीच मार्ग पाहावा. अरुंद पूल, खचलेली साइडपट्टी, दुभाजकातील तोडलेली जागा, बंद पथदिवे यांची किलोमीटरच्या दगडासह नोंद करून ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे लेखी द्यावी. तोंडी तक्रारीचा मागोवा राहत नाही.

नांदुरीपासूनचा घाट हा निराळा विषय. जानेवारी 2008 मध्ये येथे भाविकांची बस दरीत कोसळून सुमारे 40 जणांनी प्राण गमावले. 12 जुलै 2023 रोजी एस.टी. बस कोसळून अमळनेर तालुक्यातील एका भगिनीचा मृत्यू झाला. यात्राकाळात खासगी वाहनांस गडावर बंदी असते व नांदुरीहून एस.टी.ची सोय केली जाते. ती गैरसोय मानू नये. इतर दिवशी स्वतःच्या वाहनाने उतरताना खालचा गिअर ठेवावा. न्यूट्रलमध्ये उतरल्यास सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात व निकामी होतात.

अन्नदान करणाऱ्या दात्यांसही एक विनंती. मंडप डांबराला लागून घालू नये. पदयात्री ज्या बाजूने चालतात त्याच बाजूस, रस्त्यापासून आत घालावा. पाण्याच्या एका पेल्यासाठी वृद्ध माउलीला महामार्ग ओलांडावा लागतो, हे चित्र दरवर्षी दिसते. चहा-फराळाबरोबर प्रकाश परावर्तित करणारे पट्टे वाटल्यास खर्च थोडाच वाढेल. मंडपात रुग्णवाहिकेचा 108 आणि राष्ट्रीय महामार्ग मदतीचा 1033 हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लावावेत.