काका, कालच्यासारखाच रंग द्या!

सबमिशनच्या आठवड्यात कॉलेजच्या गेटबाहेर झेरॉक्सच्या दुकानात जी झुंबड उडते, तिच्यात दोन प्रकारची माणसं असतात. पहिल्यांना साधी काळी प्रिंट हवी असते. ते सुखी लोक! दुसऱ्यांना रंगीत प्रिंट हवी असते, आणि तीसुद्धा "काल आली होती ना, अगदी तश्शी". हे वाक्य ऐकलं की काकांचा चेहरा पडतो. फाईल तीच, मशीन तेच, कागदही तोच, मग रंग वेगळा का यावा? हा प्रश्न मी टी.ई.ला कंट्रोल सिस्टिम्स शिकताना डोक्यात घेतला आणि मग त्या दुकानातल्या मशीनचा पिच्छाच पुरवला. काकांनी मला मशीन उघडून दाखवलं, टेस्ट पेज काढू दिली, वर चहाही पाजला. त्यातून जे कळलं ते इथे मांडते आहे.

आधी हे सांगते की यात एवढं काय बिघडतं. माझी एक मैत्रीण मेकॅनिकलला आहे. तिच्या ग्रुपनं कनेक्टिंग रॉडचं स्ट्रेस अ‍ॅनालिसिस केलं होतं. निळ्यापासून लालपर्यंत रंगांचे पट्टे, बाजूला लेजंड. रिपोर्टच्या सहा प्रतींपैकी चार एका संध्याकाळी छापल्या आणि दोन दुसऱ्या दिवशी सकाळी. एक्स्टर्नलच्या हातात नेमकी सकाळची प्रत गेली! त्यांनी विचारलं, "हा भाग पिवळ्यात आहे की नारिंगीत?" दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळून गेले होते. तिथं पिवळा म्हणजे डिझाईन पास आणि नारिंगी म्हणजे जाडी वाढवा, असा मामला. शेवटी व्हायवा थांबवून लॅपटॉप उघडावा लागला. कुणी म्हणेल, लेजंड त्याच पानावर असतं ना, मग सगळे रंग एकत्र सरकले तर काय फरक पडतो? सरकले तर खरंच फारसा पडत नाही. पण शेजारच्या दोन छटा एकच दिसू लागल्या की माहितीच पुसली जाते, आणि ती लेजंड परत आणून देत नाही. शिवाय दोन वेगवेगळ्या दिवशी छापलेली पानं शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर बघायलाच नको.

आता मशीनच्या आत शिरू. ही सगळी करामत चेस्टर कार्लसन या माणसाची. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरिया भागात त्यानं गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालानं घासून चार्ज केला, काचेवर लिहिलेली तारीख आणि 'अ‍ॅस्टोरिया' हे अक्षरं असलेली पट्टी त्यावर ठेवून प्रकाश पाडला, वर पूड भुरभुरली आणि ती मेणकागदावर उचलून घेतली. रंगीत लेझर मशीनमध्ये तत्त्व आजही तेच आहे. फिरता ड्रम चार्ज होतो, लेझर जिथं पडतो तिथला चार्ज उतरतो, तिथं टोनर चिकटतो, टोनर आधी एका बेल्टवर आणि मग कागदावर जातो, आणि शेवटी फ्युजर तो गरम करून, दाबून पक्का बसवतो. हे चार रंगांसाठी चार वेळा: सायन, मॅजेन्टा, पिवळा आणि काळा. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला ही नावं अशीच येतात. माझी आजी मॅजेन्टाला 'राणी कलर' म्हणते, आणि पैठणीच्या दुकानात तोच शब्द चालतो!)

आपण सगळ्यांनी शाळेत केलेला कंगव्याचा प्रयोग आठवा. कोरड्या हवेत केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे पटापट उचलतो आणि जुलैमध्ये तोच कंगवा ढिम्म राहतो. टोनरचं नेमकं हेच आहे. बहुतेक मोठ्या रंगीत मशीनमध्ये टोनरचे कण आणि कॅरिअर नावाचे चुंबकीय कण एकमेकांवर घासले जातात आणि त्या घर्षणातून टोनरला चार्ज मिळतो. हवा कोरडी असेल तर प्रत्येक कणावर चार्ज जास्त, म्हणजे ड्रमवरचं तेवढंच व्होल्टेज भरून काढायला कमी कण पुरतात आणि रंग फिका येतो. हवा दमट असेल तर कणावरचा चार्ज कमी, म्हणून कण जास्त चिकटतात, रंग गडद होतो आणि पांढऱ्या जागेवरही बारीक धूळ दिसू लागते. गंमत म्हणजे पावसाळ्यात कागदही ओल धरतो, त्यामुळे टोनर कागदावर नीट उतरत नाही आणि भरीव रंगात डाग-डाग दिसतात. म्हणजे एकीकडून गडद, दुसरीकडून पुसट! त्यात डेव्हलपर जुना झाला, ड्रम झिजला, मशीन सकाळी थंड आणि दुपारी तापलेलं, हे सगळं धरा. आणि चारही रंग एकाच प्रमाणात सरकत नाहीत, हे सर्वात वाईट.

तबलजी मैफलीआधी हातोडी घेऊन ठोकत बसतात, ते आठवलं का? दमट हवेत पुडी सैल पडते, तबला उतरतो. तो पुन्हा स्वरात आणावा लागतो, आणि काल लावला होता म्हणून आज लावायचा नाही असं कुणी म्हणत नाही. कॅलिब्रेशन म्हणजे मशीन असं स्वरात लावणं. त्यानं गाणं चांगलं होईलच असं नाही. पण न लावता गाणं बसणं शक्य नाही.

आता आपल्या सिलॅबसचा भाग. मशीनमध्ये एक फीडबॅक लूप आधीच असतो. ठराविक प्रिंटनंतर मशीन बेल्टवर टोनरचे छोटे ठिपके उमटवतं, सेन्सर त्यावरून परत आलेला प्रकाश मोजतो आणि त्यानुसार व्होल्टेज वगैरे बदललं जातं. मधेच प्रिंट थांबून मशीन घुरघुरतं आणि 'अ‍ॅडजस्टिंग' असा काहीतरी मेसेज येतो, तो हाच कार्यक्रम. (तेव्हा चिडून पॉवर बंद करणारे महाभाग आपल्यात आहेत, त्यांनी नोंद घ्यावी.) पण हा लूप बेल्टपाशी संपतो. त्यापुढचं कागदावर उतरणं आणि फ्युजरमध्ये वितळणं सेन्सरला दिसतच नाही. कंट्रोलच्या भाषेत, आऊटपुटच्या आधीच आपण फीडबॅक घेतला! म्हणून बाहेरचा दुसरा लूप लागतो, आणि तो चालवायला माणूस लागतो. मशीन एक टेस्ट पेज छापतं, त्यावर चारही रंगांच्या फिक्यापासून गडदपर्यंत पायऱ्या असतात. ते पेज काचेवर ठेवायचं, मशीनचाच स्कॅनर ते वाचतो. सायन मोजायला लाल चॅनेल, मॅजेन्टाला हिरवा, पिवळ्याला निळा, कारण प्रत्येक शाई आपल्या विरुद्ध रंगाचा प्रकाश गिळते.

मोजमाप झाल्यावर मशीन काय करतं, हे एका उदाहरणानं सांगते. लेझरला फिकट निळा असा वेगळा रंग देता येत नाही. तो बारीक ठिपके काढतो आणि ठिपके लहान-मोठे करून फिकट-गडद भासवतो. पण कागदावर ठिपका थोडा पसरतो, आणि ठिपक्याभोवतीच्या कागदात प्रकाशही अडकतो. त्यामुळे ५० टक्के मागितले तर दिसतात समजा ६८. मग मशीन शोधतं की दिसायला ५० हवेत तर मागायचे किती? समजा उत्तर आलं ३५. झालं! आतल्या तक्त्यात ५० च्या जागी ३५ लिहायचे. असं सगळ्या पायऱ्यांसाठी, चारही रंगांसाठी. यालाच टोन कर्व्ह म्हणतात. गणितात आपण इन्व्हर्स फंक्शन शिकतो ना, तेच. फक्त इथे ते टोनरनं लिहिलेलं असतं. मैत्रिणीच्या प्रतीत पिवळा आणि नारिंगी एक का झाले, तेही यातून कळतं. त्या दोन पट्ट्यांमध्ये फरक असतो तो फक्त मॅजेन्टाच्या थोड्या टक्क्यांचा. मॅजेन्टाच्या फिकट पायऱ्या कागदावर उमटल्याच नाहीत की नारिंगीचा पिवळा होतो.

एक मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवा. कर्व्ह टोनर कमी करू शकतो, नसलेला टोनर आणू शकत नाही. गडदपणा डेन्सिटीत मोजतात आणि ते लॉगचं माप आहे: डेन्सिटी १ म्हणजे १० टक्के प्रकाश परत आला, २ म्हणजे १ टक्का. मॅजेन्टाची पूर्ण १०० टक्क्यांची डेन्सिटीच पडली असेल तर कुंकवाचा लाल कधीच कुंकवासारखा येणार नाही, कितीही वेळा कॅलिब्रेशन करा. विहिरीत नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? तेव्हा डेव्हलपर, ड्रम किंवा बेल्ट बघायला मेकॅनिकच बोलवावा लागतो. पानभर एकाच अंतरावर येणारे पट्टे, उभ्या रेघा, एका बाजूला फिकेपणा हेही कॅलिब्रेशननं जात नाही. एका ठराविक अंतरानं पुन्हा पुन्हा डाग येत असेल तर ते अंतर पट्टीनं मोजा. ते कुठल्या तरी रोलरच्या किंवा ड्रमच्या परिघाइतकं असतं, आणि त्यावरून गुन्हेगार सापडतो. मला ही युक्ती अख्ख्या अभ्यासात सर्वात आवडली.

प्रत्यक्ष करताना काकांच्या दुकानात आम्ही हा क्रम ठेवला. शटर उघडल्या उघडल्या करायचं नाही. आधी पंधरा-वीस प्रिंट निघू द्यायच्या, मशीन तापू द्यायचं. काच स्वच्छ पुसायची, नाहीतर काचेवरचा बोटाचा ठसासुद्धा मशीन रंग म्हणून मोजेल. ज्या कागदावर काम करायचं तोच कागद ट्रेमध्ये, आणि ट्रेच्या सेटिंगमध्येही तोच प्रकार निवडलेला. हे फार महत्त्वाचं आहे, कारण जाड कागदाला फ्युजर आणि ट्रान्सफर वेगळं लागतं. काकांनी जाड ग्लॉसी कागद घालून सेटिंग 'प्लेन'वर ठेवलेलं होतं आणि दोष टोनरवाल्याला देत होते! कागदाचा रिम फोडला की उरलेला प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा. पावसाळ्यात तर नक्कीच. टेस्ट पेज काचेवर ठेवल्यावर त्याच्या पाठीवर कोरे पांढरे कागद ठेवायचे, म्हणजे मागचा रंग झिरपत नाही. मशीन एकाहून जास्त पेज मागत असेल तर सगळी द्यायची, "एक पुरे की" म्हणून मधेच सोडायचं नाही.

काका म्हणाले, "अगं पोरी, हे सगळं मी तक्रार आली की करतोच." मी म्हटलं, "काका, तक्रार यायच्या आत करा ना! सकाळी एकदा, आणि हवा बदलली की पुन्हा." ते हसले, पण दुसऱ्या दिवसापासून काउंटरजवळ वही दिसू लागली. त्यात तारीख, वेळ आणि कागद.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कॅलिब्रेशन केलं म्हणजे प्रिंट स्क्रीनसारखी येईल, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. कॅलिब्रेशन मशीनला तिच्या ठरलेल्या अवस्थेत परत आणतं. त्या अवस्थेत मशीन कुठला रंग कसा छापते, याचा नकाशा म्हणजे प्रोफाईल. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियमनं या नकाशाचा सर्वांसाठी एक नमुना ठरवला, म्हणून त्याला आयसीसी प्रोफाईल म्हणतात. रंगांतला फरक डेल्टा ई या आकड्यात सांगतात. १ च्या आसपास तो बारीक नजरेला जाणवू लागतो. नकाशा कितीही चांगला असला तरी मशीन जागेवरून हललेली असेल तर त्याचा उपयोग नाही, म्हणून आधी कॅलिब्रेशन, मग प्रोफाईल. उलट क्रम केलात तर चुकीच्या मशीनचा अचूक नकाशा हातात येईल! आणखी एक. मशीनचा स्कॅनर आपल्या कंपनीच्या टोनरला ओळखतो. स्वस्तातला दुसरा टोनर भरला तर तो डोळ्याला वेगळा आणि स्कॅनरला बरोबर दिसू शकतो. अचूक काम हवं तर स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो, पण ते यंत्र कोपऱ्यावरच्या दुकानात कुठून येणार?

मग गरिबांचा उपाय सांगते. ए-फोरवर चार पट्ट्या काढा: सायन, मॅजेन्टा, पिवळा, राखाडी, प्रत्येकीच्या दहा पायऱ्या. खाली एक चेहऱ्याचा फोटो टाका, कारण काही ड्रायव्हर शुद्ध राखाडी फक्त काळ्या टोनरनं छापतात आणि मग ती पट्टी काहीच सांगत नाही. फोटोतल्या कातडीत मात्र तिन्ही रंग मिसळलेले असतात आणि एकानं जरी दगा दिला तरी माणूस काविळीचा किंवा तापाचा पेशंट दिसतो! मशीन चांगली लागलेली असताना ही शीट काढून बंद फाईलमध्ये ठेवा. कामाच्या दिवशी नवी शीट काढा आणि दोन्ही शेजारी धरून दारात, दिवसाच्या उजेडात बघा. दुकानातल्या ट्यूबखाली बघितलं तर जुळलेले रंग उन्हात वेगळे निघू शकतात. फिकट पायऱ्यांकडे नीट लक्ष द्या, पहिला बिघाड तिथंच दिसतो.

आणि रिपोर्टच्या रंगीत पानांच्या सगळ्या प्रती एकाच दिवशी, एकाच बैठकीत, एकाच रिमवर काढून घ्या. काका आजकाल स्वतःहूनच विचारतात, "सहाच्या सहा आत्ता काढू का?" हो म्हणा.