ऑप्टिकल केबल कमी पडली? कपलर लावण्याआधी हा हिशोब करा

मनोर, पालघर, बोईसर भागात टीव्ही आणि साउंडबार बसवण्याची कामं सुरू करायची असतील, तर आजचा धडा तुमच्यासाठी. प्रात्यक्षिक व्हिडिओत आहे, महत्त्वाचे मुद्दे इथे वाचा.

अडचण नेहमीची. टीव्ही एका भिंतीवर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या कोपऱ्यात आणि सोबत आलेली केबल दीड मीटरची. ग्राहक म्हणतो, "जोड द्या ना!" दोन केबल जोडणारा छोटा तुकडा म्हणजे कपलर. स्वस्त आहे, मिनिटात लागतो. पण आत काय होतं ते समजून घ्या.

प्रकाशाची गळती

तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये ही पद्धत आणली, म्हणून तिचं नाव टॉसलिंक. साधारण १ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक तंतूतून लाल प्रकाश जातो, वीज जात नाही. कपलरमध्ये दोन टोकांच्या मध्ये हवेची बारीक फट राहते. प्रत्येक टोकावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. म्हणजे जोड अगदी सरळ बसला तरी ८ टक्के गेले. टोकावर धूळ असेल किंवा जोड थोडा वाकडा असेल, तर आणखी जातात.

आवाज डिजिटल असल्यामुळे तो हळूहळू खराब होत नाही. प्रकाश पुरतोय तोवर एकदम स्वच्छ, कमी पडला की तुटक येतो किंवा बंद!

कामाची पद्धत

१. केबल जिथून जाणार त्या वाटेने सुतळी लावून माप घ्या. वर अर्धा मीटर जास्त धरा.
२. शक्यतो त्या मापाची एकच अखंड केबल द्या. साधी केबल ५ मीटरपर्यंत आरामात चालते. १० मीटरच्या आसपास आधी तपासूनच पुढे जा.
३. कपलर लावायचाच तर एकच लावा आणि एकूण लांबी ५ मीटरच्या आत ठेवा. टोकं पुसा, 'टक' आवाज येईपर्यंत दाबा.
४. केबल काटकोनात मोडू नका, कोपऱ्यात गोलाई द्या.
५. जोड भिंतीत गाडू नका. केसिंग पट्टीत, हात पोहोचेल असा ठेवा.
६. पट्टी बंद करण्याआधी वीस मिनिटं आवाज चालवून बघा.

अंतर जास्तच असेल, तर दोन्ही उपकरणांना एचडीएमआय एआरसीची सोय आहे का ते आधी बघा.

आता धंद्याचं गणित

समजा, कामाचे ५०० रुपये घेतले आणि कपलर लावून ग्राहकाचे २०० रुपये वाचवले. आठ दिवसांनी फोन आला, "आवाज तुटतोय." मनोरहून चिल्हार फाट्यामार्गे बोईसरला परत जायचं. पेट्रोल १५० आणि अर्धा दिवस खर्च, वर तो ग्राहक शेजाऱ्याला काय सांगेल? ५०० रुपयांच्या कामात हाती काय उरलं?

म्हणून ग्राहकासमोर दोन्ही पर्याय, दोन्ही भाव ठेवा. त्याने कपलर निवडला, तर जोड कुठे आहे ते बिलावर लिहा. उद्या तक्रार आली, तर फोनवरच "तो जोड काढून पुन्हा दाबा" असं सांगता येईल. एक कपलर पिशवीत कायम असू द्या, अडल्या वेळेसाठी.

आजचा गृहपाठ: स्वतःच्या घरात टीव्हीपासून समोरच्या भिंतीपर्यंत सुतळीने माप घ्या. आधी अंदाज लिहा, मग मोजा. दोन्हींतला फरक बघितलात, की माप न घेता भाव सांगण्याची सवय आपोआप सुटेल. भेटू पुढच्या धड्यात!