लिनक्समध्ये स्टार्ट बटण कुठे गेलं?

शिक्षक मित्रांनो, मढसारख्या गावात शाळेतला संगणक मंदावला की तो कोपऱ्यात धूळ खात पडतो. फेकू नका, त्यावर लिनक्स चालवून बघा. मुलं लगेच विचारतील, "सर, स्टार्ट बटण कुठंय?" लिनक्समध्ये स्क्रीनचं रूप वेगळं निवडता येतं. केडीई प्लाझ्मात पट्टी खाली आणि मेनू डाव्या कोपऱ्यात, म्हणजे विंडोजची सवय असलेल्यांना सोपं. १९९७ साली सुरू झालेल्या ग्नोममध्ये पट्टी वर असते. मुलं आधी गोंधळतात. कमी रॅमच्या मशीनला मात्र एक्सएफसीईच बरं. दिसायला साधं, पण हलकं! दोन रूपं टाकली तर लॉगिन करतानाच हवं ते निवडायचं, फाईल्स त्याच राहतात. सी-डॅकच्या बॉस लिनक्समध्ये तर मराठीचीही सोय आहे. आधी नुसतं पेनड्राईव्हवरून चालू करून पाहा. 'इन्स्टॉल' दाबेपर्यंत जुनं काही पुसलं जात नाही.