बास्केटबॉलमधील नेमबाज आणि संघाचे आक्रमण

शाळेच्या मैदानावर कड्याखाली मुले जमू लागली की थोड्याच दिवसांत एक गोष्ट शिक्षकाच्या ध्यानी येते. एखाद्या मुलाचा नेम उपजतच चांगला असतो. तो उंचीने बेताचा असेल, चेंडू आपटीत नेताना गोंधळत असेल. परंतु लांबून टाकलेला त्याचा चेंडू कड्यातून अलगद खाली उतरतो. अशा मुलाचे संघात स्थान कोणते? बहुतेक ठिकाणी दोहोंपैकी एक घडते. एक तर प्रत्येक चेंडू त्याच्याकडेच जाऊ लागतो व इतर चौघे प्रेक्षक बनतात. नाहीतर तो कोपऱ्यात उभा राहतो, चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि सामना संपल्यावर 'याने काहीच केले नाही' असा शेरा त्याच्या वाट्यास येतो. हा दुसरा प्रकार अधिक अन्यायाचा होय. कारण तो शेरा पुष्कळदा खरा नसतो.

नेमबाजास आजचे महत्त्व आले ते नियमांतील बदलामुळे. १८९१ साली जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला. त्यानंतर कित्येक दशके चालू खेळात जवळून टाकलेल्या व दुरून टाकलेल्या गोलाचे मोल सारखेच असे. अमेरिकेतील एन.बी.ए. या व्यावसायिक स्पर्धेने १९७९ मध्ये, तर आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८४ मध्ये दूरच्या कमानीबाहेरील गोलास तीन गुण देण्यास आरंभ केला. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ही कमान आता कड्यापासून ६.७५ मीटरांवर असते.

या बदलाचा परिणाम समजण्यासाठी अटलांटा हॉक्स या संघाचे २०१४-१५ चे वर्ष पाहण्याजोगे आहे. त्या संघात काइल कॉर्व्हर नावाचा नेमबाज होता. २००३ साली खेळाडूंच्या निवडीत त्याचा क्रमांक एक्कावन्नावा लागला होता. म्हणजे त्याच्यावर फारशी कोणाची भिस्त नव्हती. २०१४-१५ मध्ये मात्र कमानीबाहेरून टाकलेल्या त्याच्या चेंडूंपैकी शेकडा ४९.२ कड्यात गेले. शंभर प्रयत्नांत एकोणपन्नास गोल धरले तरी १४७ गुण होतात. दोन गुणांच्या गोलांनी तेवढे गुण मिळवावयाचे, तर शंभरांपैकी त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर चेंडू आत जावे लागतील. गणिताच्या तासाला हे उदाहरण वर्गात घालण्यासही हरकत नाही.

आणि तरीही कॉर्व्हरचे सरासरी गुण दर सामन्यास बाराच्या आसपासच होते. केवळ गुणांचा तक्ता पाहणारास तो मध्यम प्रतीचा खेळाडू वाटेल. त्याची खरी कामगिरी तक्त्यात उतरत नव्हती. संघाचा चेंडू खेळविणारा जेफ टीग हा कड्याच्या दिशेने मुसंडी मारी, तेव्हा इतर रक्षकांनी आत धावून त्यास अडविणे हा बचावाचा नेहमीचा उपाय. परंतु कॉर्व्हरचा रक्षक त्याला सोडून आत जाऊ धजत नसे. तो गेलाच, तर टीग चेंडू बाहेर फेकी व कॉर्व्हर मोकळा सापडे. तो न गेला, तर टीगची वाट मोकळी राही. म्हणजे चेंडूला हातही न लावता कॉर्व्हर प्रतिपक्षाचा एक गडी आपल्याजवळ बांधून ठेवीत असे.

हे उभ्या जागी साधत नाही. नेमबाजाने सतत धावले पाहिजे, आणि त्या धावण्यास सहकाऱ्यांची आड मिळाली पाहिजे. खेळाडू तिला 'स्क्रीन' म्हणतात. एक सहकारी स्थिर उभा राहतो, नेमबाज त्याच्या अंगाला जवळजवळ घासून पुढे जातो, आणि पाठलाग करणारा रक्षक त्या आडीत अडकतो. येथून पुढचे काम पायांपेक्षा डोळ्यांचे. रक्षक अगदी पाठीमागून येत असेल, तर नेमबाजाने वळसा घेऊन कड्याकडे शिरावे. तो आडीच्या पलीकडून, म्हणजे कड्याच्या बाजूने जवळची वाट काढीत असेल, तर तेथेच थांबून नेम साधावा. आड देणाऱ्याचा रक्षक नेमबाजावर धावून आला, तर आड देणाराच मोकळा होतो व त्याने कड्याकडे वळून चेंडू मागावा. ज्यास कोणी सोडू इच्छीत नाही, त्या नेमबाजानेही इतरांना आड द्यावी. पुष्कळ शिक्षक हे काम फक्त थोराड मुलांवर सोपवितात, ते बरोबर नाही.

नेमबाज इतरांवर किती अवलंबून असतो याचेही एक उदाहरण आहे. ५ डिसेंबर २०१६ रोजी गोल्डन स्टेट संघाच्या क्ले थॉम्पसनने इंडियानाविरुद्ध २९ मिनिटांत ६० गुण केले. त्या सामन्यात त्याने चेंडू जमिनीवर आपटला तो अवघा अकरा वेळा! बाकीचे काम सहकाऱ्यांचे पास, त्यांनी दिलेली आड व त्याचे स्वतःचे धावणे यांनी केले.

अटलांटाने त्या हंगामात ८२ पैकी ६० सामने जिंकले. जानेवारी २०१५ मधील सतराही जिंकले. त्या महिन्याचा पूर्व विभागातील सर्वोत्तम खेळाडूचा मान कोणा एकास न देता संघाच्या पाचही आरंभीच्या खेळाडूंना मिळून देण्यात आला. पुढे क्लीव्हलंडविरुद्धच्या मालिकेतील दुसऱ्या सामन्यात कॉर्व्हरच्या घोट्यास इजा झाली व तो उरलेले सामने खेळू शकला नाही. अटलांटा ती मालिका ०-४ अशी हरली. त्या पराभवाची कारणे अनेक असतील, सारा भार एका घोट्यावर टाकू नये.

आता आपल्या मैदानाकडे वळू या. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये कडे ३.०५ ऐवजी २.६० मीटर उंचीवर असते व चेंडूही लहान असतो. मोठ्या कड्यावर लांबून चेंडू भिरकावण्याची सवय या वयात लावू नये. त्याने हाताची ढब बिघडते. धावणे, आड देणे व आडीतून निघणे यांस मात्र कड्याचीही गरज नाही. तीन मुले आक्रमणास व दोन बचावास घ्यावीत. एकाने चेंडू खेळवावा, दुसऱ्याने आड द्यावी, तिसऱ्याने तिच्या कडेने निघून चेंडू झेलावा, आणि दर पाच वेळांनंतर जागा बदलाव्यात. नेम चांगला असलेल्या मुलासही आड देण्याची पाळी चुकू देऊ नये.

सर्वांत जपावयाचे ते त्या मुलाचे मन. तीन-चार चेंडू लागोपाठ हुकले, मुले हसली, त्यात शिक्षकही रागावले, की तो मोकळा असूनही चेंडू दुसऱ्याकडे ढकलू लागतो. प्रतिपक्षाच्या हे एकदा लक्षात आले की त्याचा रक्षक निर्धास्तपणे आत सरकतो आणि उरलेल्या चौघांच्या वाटा बंद होतात. म्हणून सरावाच्या वहीत कोणी किती गोल केले याच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा: मोकळा असताना कोणी नेम साधला व कोणी टाळला. हुकलेल्या नेमासाठी त्यात फुली नसावी. टाळलेल्या नेमासाठी असावी, आणि ती का पडली हे त्या मुलाला खेळ संपल्यावर, एकट्याला बाजूला घेऊन सांगावे.