शेतकरी कंपनीच्या संगणकात कोणाला किती मुभा?

आपल्या उत्पादक कंपनीच्या गोदामाची किल्ली कोणाकडे आहे, हे सर्व संचालकांना ठाऊक असते. संगणकातील हिशेबाची किल्ली कोणाकोणाकडे आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

उदाहरणादाखल मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने तयार केलेली इआरपीनेक्स्ट ही प्रणाली घेऊ. हिच्यातील पगार व हजेरीचा भाग २०२२ मधील १४ व्या आवृत्तीपासून वेगळा झाला असून तो 'एचआरएमएस' या नावाने स्वतंत्रपणे बसवावा लागतो. असा नवा भाग बसविला की लगेच तक्रार येते, "साहेब, मला काहीच दिसत नाही." कारण साधे आहे. त्या कर्मचाऱ्याला नव्या भागाची भूमिका, म्हणजे 'रोल', दिलेली नसते. अशा वेळी घाईने 'सिस्टिम मॅनेजर' ही भूमिका दिली जाते. एका कंपनीत वजनकाट्यावरच्या मुलालाही ती दिलेली मी पाहिली. ही भूमिका असणारा स्वतःला इतर कोणतीही भूमिका देऊ शकतो! सभासदाच्या सोयाबीनचे वजन, दर, बँक खाते, सारेच त्याच्या हाती जाते.

म्हणून प्रथम कागदावर लिहून काढावे की आवक कोण नोंदवील, ती कायम कोण करील आणि पैसे कोण देईल. काट्यावरच्या माणसाने पावती तयार करावी, 'सबमिट' व्यवस्थापकाने करावे. तयार भूमिकांत सबमिटची मुभा पुष्कळदा अगोदरच असते. तेव्हा 'रोल परमिशन्स मॅनेजर'मध्ये जाऊन ती खूण काढावी. सबमिट झालेल्या पावतीचे वजन बदलता येत नाही. चूक झाल्यास पावती रद्द करून दुरुस्त प्रत काढावी लागते व रद्द पावती दप्तरी राहते. मात्र 'डिलीट'ची मुभा असल्यास रद्द पावती पुसताही येऊ शकते, म्हणून तीही खूण काढावी. केंद्रे दोन असतील तर 'यूजर परमिशन्स'मध्ये प्रत्येकाला आपापले गोदाम जोडून द्यावे.

तपासणी 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' नावाने करू नये. त्याला सर्वच उघडे असते. ज्याला मुभा दिली त्याच्याच नावाने प्रवेश करून एक खोटी पावती करून पाहावी व नंतर ती काढून टाकावी. एकच पासवर्ड चौघांनी वापरला तर कोणी काय केले हे कळणार नाही. नोकरी सोडून गेलेल्याचे नाव पुसू नये, त्यापुढील 'एनेबल्ड'ची खूण त्याच दिवशी काढावी.