रिव्हेट मऊ आहे तोवर

चिऊ,

तुझं १९४६ सालचं लस्कम विमान घरी आलं, शेपटीकडचे पत्रे उघडलेस आणि आता रिव्हेट गन हातात घ्यायची घाई झालीय, हे तुझ्या आवाजावरूनच कळलं. घाई कर, पण आधी हे वाच आणि कागद भट्टीशेजारी चिकटव. पत्र्याची कामं पुस्तकातून येतात. रिव्हेटचं काम सवयीतून येतं, आणि सवयी आम्हा म्हाताऱ्यांकडे भरपूर शिल्लक असतात.

आधी ओळख

१. रिव्हेट हातात घेतलास की पहिल्यांदा डोकं वाच. कोरं डोकं म्हणजे ११००, मधे खळी म्हणजे २११७, मधे उठलेला ठिपका म्हणजे २०१७, दोन उठलेल्या रेघा म्हणजे २०२४, उठलेली फुली म्हणजे ५०५६ — डबीवरचं लेबल कुणीही बदलू शकतं, डोक्यावरची खूण नाही.

२. तुझ्या जुन्या नकाशांवर हे आकडे सापडणार नाहीत, घाबरू नकोस. तिथं १७एस, ए१७एस आणि २४एस असं असेल. तेच आजचे २०१७, २११७ आणि २०२४ — चार आकड्यांची नावं १९५४ नंतरची, तुझं विमान त्याआधीचं.

३. खळीवाल्याला भट्टी लागत नाही. एडी म्हणतात तो हाच. पाकिटातून काढायचा आणि मारायचा — त्यात तांबं कमी, म्हणून मुरल्यावरही तो ठोकून घेण्याइतका मऊ राहतो.

४. म्हणून भट्टी पेटवण्याआधी विचार, खरंच लागणार आहे का? अमेरिकी विमान खात्याच्या दुरुस्तीच्या नियमावलीत सर्वसाधारण दुरुस्तीसाठी सोय आहे: ३/१६ इंचापर्यंतच्या २०१७ च्या किंवा ५/३२ इंचापर्यंतच्या २०२४ च्या जागी १/३२ इंचानं जास्त जाड २११७ चालतो. तुझ्या इन्स्पेक्टरला काम सुरू करण्याआधी विचार — काम झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नेहमी ड्रिलनंच द्यावं लागतं.

५. फुलीवाला वेगळ्या डबीत, वेगळ्या फळीवर ठेव — तो मॅग्नेशियमच्या पत्र्यासाठी आहे, तुझ्या कामाचा नाही.

भट्टी आणि पाणी

आता जिथं माणसं सगळ्यात जास्त चुकतात तिथं जरा थांबूया. गावाकडचा लोहार पोलाद लाल करून पाण्यात बुडवतो तेव्हा ते तिथल्या तिथं कडक होतं. तुझ्या रिव्हेटांच्या ड्युरालुमिनचं, म्हणजे तांबं मिसळलेल्या ॲल्युमिनियमचं, उलट आहे. पाण्यातून निघाल्यावर ते मऊ असतं आणि मग नुसतं पडून राहिलं की आपोआप कडक होत जातं. जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना १९०६ मध्ये हे लक्षात आलं, आणि विमानाला अंगभर हलका धातू घालता आला तो त्यामुळंच. तुला जी वेळ मिळते ती या दोन अवस्थांच्या मधली. ती वेळ सांभाळणं हेच तुझं काम, बाकी सगळं मजुरी.

६. तापमानाला मान दे. २०१७ साठी ९३० ते ९५० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४९९ ते ५१० सेल्सियस. २०२४ साठी ९१० ते ९३०, म्हणजे ४८८ ते ४९९ — कमी पडलं तर तांबं नीट विरघळत नाही, आणि २०२४ पाचशेच्या किंचित वर गेला की कणांच्या सीमा आतून वितळू लागतात. तसा रिव्हेट पुन्हा कुठल्याही उपायानं सुधारत नाही, तो कचऱ्यातच जातो.

७. भट्टीच्या दारावरच्या काट्यावर विसंबू नकोस, थर्मोकपलचं टोक रिव्हेटांच्या जाळीतच ठेव — भट्टीला एक कोपरा गरम आणि एक आळशी असतोच.

८. दोन जातींचे रिव्हेट एका जाळीत नकोत — एकाचं पथ्य, दुसऱ्याचं अपथ्य.

९. हवेच्या भट्टीत तासभर मुरू दे. वितळलेल्या नायट्रेट मिठाच्या हौदात अर्धा तास पुरतो, पण त्यात ओली जाळी कधीही उतरवू नकोस — पाण्याची त्या क्षणी वाफ होते आणि वितळलेलं नायट्रेट तोंडावर उडतं. नंतर रिव्हेट भरपूर पाण्यानं धुऊन कोरडे कर, चिकटलेलं मीठ धातू खातं.

१०. गॅसची बत्ती आणि साबणाच्या डागाची युक्ती कुणीतरी तुला शिकवेल. शिकून घे, आणि रिव्हेटवर वापरू नकोस — ती पत्रा मऊ पाडायला आहे, तिथं इतक्या नेमक्या तापमानाची गरज नसते.

११. पाण्याची बादली भट्टीच्या दाराला लागूनच ठेव, आणि दार उघडण्याआधी वाट मोकळी आहे ना ते बघ. जाळी काही सेकंदांत पाण्याखाली गेली पाहिजे — वाटेत रेंगाळली की तांबं कणांच्या सीमांवर बाहेर पडतं, आणि वर्षांनंतर गंज नेमका त्याच वाटेनं आत शिरतो. पायात मांजर आलं, तर विमानात गंज आला.

१२. बादली मोठी हवी, आणि सुरुवातीला पाणी ३० अंश सेल्सियसच्या आत — चिमूटभर पाण्यात टोपलीभर रिव्हेट बुडवले तर पाणीच तापतं.

घड्याळ आणि फ्रीझर

१३. पाण्यातून काढल्यावर २०१७ ला एक तास, २०२४ ला जेमतेम दहा मिनिटं. फळ्यावर वेळ लिही — ‘आत्ताच तर काढले’ हे वाक्य प्रत्येक हँगरमध्ये अर्धा तास जुनं असतं.

१४. वेळ वाढवायची तर लगेच थंडीत टाक. शून्य अंश सेल्सियसच्या खाली ते सुमारे दोन आठवडे मऊ राहतात — थंडी मुरणं हळू करते, थांबवत नाही. डबीवर जात, तारीख आणि वेळ तिन्ही लिही.

१५. फ्रीझर वेगळा घे. आइस्क्रीमशेजारी ठेवलेली डबी दिवसातून दहा वेळा बाहेरची हवा खाते, आणि तुझ्या घरात ते नक्कीच होईल, मी तुझ्या पोरांना ओळखतो.

१६. एका वेळी दहा मिनिटांत संपतील तेवढेच काढ. उरलेले मूळ डबीत परत टाकायचे नाहीत, ‘पुन्हा भट्टी’ लिहिलेल्या वेगळ्या डबीत जातील — एकदा बाहेर आलेला आणि न आलेला रिव्हेट नजरेला सारखेच दिसतात.

मारताना

१७. आधी त्याच जाडीच्या टाकाऊ पत्र्यांवर दोन रिव्हेट मार आणि गेजनं मोज. आतलं डोकं दांड्याच्या दीडपट रुंद, निम्मं उंच. म्हणजे १/८ इंचाला ३/१६ रुंद आणि १/१६ उंच — गनचा दाब ठरवायला विमान वापरायचं नसतं.

१८. मारण्याआधी दांडा पत्र्याबाहेर दीडपट व्यासाएवढा उभा असावा. लांब राहिला तर कलतो, आखूड राहिला तर डोकंच बनत नाही.

१९. १/८ इंचाला ३० नंबरचं ड्रिल, आणि भोकाच्या कडा दोन्ही बाजूंनी साफ — पत्र्यांमध्ये बुरा अडकला की दांडा तिथंच फुगतो आणि पत्रे कायमचे विलग राहतात.

२०. क्लेको, म्हणजे पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पकडी, लावायला कंजूषी नको. जुन्या विमानात एकदम पूर्ण ओळ उघडू नकोस, थोडे काढ, थोडे धर — अंगावरचे सगळे टाके सोडल्यावर शरीर आपला आकार विसरतं.

२१. थोडे पण ठाम ठोके. तुकतुक करत बसलीस तर रिव्हेट मार खाऊन कडक होतो आणि कडेला तडकतो. मागून टेकवायचा बकिंग बार १/८ साठी तीन ते चार पौंडांचा घे. हलका बार उड्या मारतो आणि पत्र्याला पोचे पाडतो.

२२. आत बार धरून बसलेल्या माणसाशी खुणा आधी ठरव: बारनं एक टकटक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे झाला, तीन म्हणजे बिघडला — कानात बोळे घातल्यावर ‘थांब’ आणि ‘मार’ सारखेच ऐकू येतात. आणि बोळे घालायचेच, बरं का.

२३. बिघडलेला काढताना डोक्याच्या मधोमध पंच मार, दांड्यापेक्षा एक नंबर लहान ड्रिल घे, डोक्याच्या जाडीपुरतंच जा. मग डोकं उडव आणि मागून आधार देऊन दांडा बाहेर काढ. भोक मोठं झालं तर १/३२ इंचानं जास्त जाड रिव्हेट — मात्र कडेपासूनचं अंतर व्यासाच्या दुप्पट उरतंय का, ते आधी मोज.

२४. जुन्या रिव्हेटमागे काळी शेपटी दिसली तर पुसून पुढं जाऊ नकोस. तो ढिला झालाय, घासून घासून काळं सोडतोय. त्याला वरून आणखी ठोकूनही उपयोग नाही — सत्तर-ऐंशी वर्षं मुरलेला धातू आता भोक भरत नाही, तडकतो. काढून नवा घाल.

२५. मारून झालेले भट्टीतले रिव्हेट तासाभरात निम्म्या ताकदीला येतात, पूर्ण ताकद यायला चार दिवस लागतात. तेवढे दिवस त्या ओळीवर ताण नको, आणि वहीत लिही: कोणता घाणा, किती तापमान, किती वाजता पाणी, किती वाजता शेवटचा ठोका. इन्स्पेक्टर ही वही मागेल आणि मागितली नाही तरी तू दाखव.

शेपटीची पहिली ओळ पुरी झाली की मला फोटो पाठव. बाहेरचा नको, आतल्या डोक्यांचा पाठव, बाजूला गेज धरून.

तुझा काका