कोटेशनमध्ये नसलेली धूळ

रंगकामाच्या कोटेशनमध्ये पुट्टीचे हात, प्रायमर, रंगाचा ब्रँड सगळं असतं. पुट्टी घासताना उडणाऱ्या धुळीचा उल्लेख मात्र कुठेच नसतो. तो आपणच घालून घ्यायचा, आणि तोही ॲडव्हान्स देण्याआधी.

भिंतीवरची पुट्टी म्हणजे पांढरं सिमेंट आणि दगडाची भुकटी. जिप्सम बोर्डाच्या छताला सांधे भरायला जे कंपाउंड लावतात, त्यात चुनखडी, जिप्सम, टाल्क, अभ्रक आणि थोडीफार सिलिकाही असू शकते. सिलिकाचे स्फटिकी कण वर्षानुवर्षं फुप्फुसात गेले तर सिलिकोसिस होतो. ते कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली जाहीर केलं. घरमालकाला आठवडाभर खोकला, डोळ्यांची आग आणि दमा असेल तर त्रास. पेंटर मात्र ही धूळ रोज खातो, तीही तोंडाला रुमाल बांधून. एवढे बारीक कण रुमालाने अडत नाहीत.

आता खर्च. भाव अंदाजे आहेत, गावागणिक फरक पडेल. आयएस ९४७३ छापलेला एफएफपी२ मास्क पन्नास ते शंभर रुपयांना मिळतो. दोन कारागिरांना चार-पाच दिवस रोज नवा मास्क द्यायचा तर चारशे ते हजार. दाढी असेल तर तो नीट बसत नाही, हेही सांगून ठेवा. बंद चष्मे दीड-दोनशेला एक. दारं, कपाटं, एसी झाकायला प्लास्टिकचा रोल आणि मास्किंग टेप मिळून हजाराच्या आसपास. टू-बीएचकेचा सगळा हिशेब अडीच हजारांत बसतो. रंगकामाच्या बिलापुढे हे काहीच नाही.

खरा फरक पडतो तो व्हॅक्यूम जोडलेल्या सँडिंग मशीनने. अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संस्थेने १९९९ मध्ये नोंदवलं, की अशा यंत्रांनी धूळ ८० ते ९७ टक्के कमी होते. मशीन विकत घेऊ नका. ते असलेला कंत्राटदार शोधा आणि चौरस फुटाला दर किती वाढतो ते लेखी घ्या. ‘डस्टलेस’ म्हणजे धूळ शून्य, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कोपरे शेवटी हातानेच घासावे लागतात.

छताच्या सांध्यांसाठी एक फुकटचा उपाय आहे. तिथे रेडीमिक्स कंपाउंड वापरलं असेल तर ते पाण्याने मऊ पडतं, म्हणून घासण्याऐवजी ओल्या स्पंजाने सपाट करता येतं. सिमेंटची पुट्टी एकदा आवळली की हे जमत नाही.

जुना रंग खरवडायचा असेल तर जास्त जपा. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर त्या दिवसांत त्यांची सोय दुसरीकडे करा. रंग कोरडा खरवडू देऊ नका, आधी पाणी मारायला लावा.

साफसफाईला केरसुणी नको. ओलं फडकं आणि पोछा. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरला हात लावू नका. बारीक पूड त्याच्या पिशवीतून परत खोलीत येते आणि मोटर जळते ती वेगळीच. एसीच्या जाळ्या धुतल्यावर आणि पोछा दोनदा फिरल्यावरच शेवटचा हप्ता द्या.